नकारातून राज्याचे काहीच वाचत नाही : नॉर्थ कॅरोलायना आणि शाळानिवडीचे टॅक्स क्रेडिट

६ ऑगस्ट २०२५ रोजी नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर जोश स्टाइन यांनी ‘हाउस बिल ८७’ नकाराधिकार वापरून परत पाठवले. शाळानिवडीसाठीच्या, म्हणजे पालकांना मुलासाठी खासगी शाळाही निवडता यावी यासाठीच्या, नव्या संघीय टॅक्स क्रेडिट योजनेत राज्याला सामील करणारे हे विधेयक होते. सरकारी शिक्षणाच्या निधीला कात्री लावायची आणि सधन पालकांना करसवलत द्यायची, हे चुकीचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. मात्र त्याच निवेदनात त्यांनी असेही म्हटले की, संघीय सरकारची मार्गदर्शक तत्त्वे आली की राज्याला या योजनेत सहभागी करण्याचा आपला विचार आहे, कारण शाळेनंतरचे वर्ग आणि शिकवणी यांसाठी सरकारी शाळांतील मुलांनाही तिचा उपयोग होऊ शकतो. विधेयक नाकारणे आणि योजनेला होकाराची तयारी दाखवणे या दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात आल्या, म्हणून हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. पुढील विवेचन २०२५ च्या अखेरीस असलेल्या स्थितीवर आधारलेले आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. नॉर्थ कॅरोलायनाने या योजनेत सामील व्हावे, आणि त्यासाठीचा आग्रह सर्वांत आधी सरकारी शाळांच्या बाजूने उभ्या असलेल्या लोकांनी धरावा. बाहेर राहून सरकारी शाळांचे रक्षण होते, हा समज या योजनेच्या रचनेशी जुळत नाही.

कायदा नेमके काय देतो

४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या सहीने अमलात आलेल्या ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’ या मोठ्या कायद्यामुळे अमेरिकेच्या आयकर संहितेत २५-एफ हे नवे कलम आले. १ जानेवारी २०२७ पासून अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी असलेली कोणतीही व्यक्ती मान्यताप्राप्त ‘शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला’ रोख देणगी देऊ शकेल आणि त्या देणगीइतकी रक्कम, वर्षाला जास्तीत जास्त १,७०० डॉलरपर्यंत, आपल्या संघीय आयकरातून थेट कमी करून घेऊ शकेल. कर तेवढा होत नसेल तर उरलेली रक्कम परत मिळत नाही, पण पुढील पाच वर्षांपर्यंत वापरता येते. कंपन्यांना ही सवलत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात येथे ‘८०-जी’ची पावती येईल, पण दोन्हींत मोठा फरक आहे. ८०-जीखाली देणगीची वजावट करपात्र उत्पन्नातून मिळते, त्यामुळे देणगीचा बहुतेक भार देणाऱ्याच्याच खिशावर राहतो. अमेरिकेतही सामान्य देणगीची गोष्ट हीच आहे. २२ टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाने १,७०० डॉलर दिले आणि तपशीलवार वजावट घेतली, तर त्याचा कर फार तर ३७४ डॉलरने कमी होतो, आणि जी असंख्य कुटुंबे प्रमाणित वजावट घेतात त्यांना २०२५ च्या करवर्षापर्यंत तेवढाही लाभ मिळत नव्हता. नव्या कलमाखाली मात्र कर पूर्ण १,७०० डॉलरने घटतो. ज्या कुटुंबाचा संघीय कर ९,००० डॉलर होतो त्याने १,७०० डॉलर संस्थेला दिले की त्याचा कर ७,३०० डॉलरवर येतो. कुटुंबाच्या हातून जाणारी एकूण रक्कम तेवढीच राहते, त्यातील एक भाग कोणत्या कामाला जावा हे मात्र ते कुटुंब ठरवते.

शिष्यवृत्ती कोणाला मिळू शकते? ज्या मुलाच्या कुटुंबाचे उत्पन्न त्या भागातील मध्यक उत्पन्नाच्या ३०० टक्क्यांच्या आत आहे आणि जे सरकारी शाळेत प्रवेशासाठी पात्र आहे, अशा कोणत्याही मुलाला. पैसे केवळ खासगी शाळेच्या फीसाठीच आहेत, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. कायद्याने खर्चाची व्याख्या कव्हरडेल शिक्षण बचत खात्याच्या जुन्या तरतुदीतून उचलली आहे आणि त्या व्याख्येत सरकारी, खासगी किंवा धार्मिक शाळेत शिकणाऱ्या मुलाची शिकवणी, विशेष गरजांसाठीच्या सेवा, पुस्तके, साहित्य, गणवेश, वाहतूक, शाळेने चालवलेले शाळेनंतरचे वर्ग, संगणक आणि इंटरनेट या सर्वांचा समावेश होतो. हे एक वाक्य नीट वाचले गेले असते, तर या विषयावरील निम्मा वाद उभाच राहिला नसता असे मला वाटते.

संस्थांवरही बंधने आहेत. संस्था ५०१(सी)(३) वर्गातील धर्मादाय संस्था असावी, तिने उत्पन्नाच्या किमान ९० टक्के रक्कम शिष्यवृत्तीवर खर्च करावी, एकाच शाळेत न शिकणाऱ्या किमान दहा विद्यार्थ्यांना मदत करावी, कुटुंबाचे उत्पन्न पडताळून पाहावे, आणि देणगीदाराने नाव घेऊन सांगितलेल्या मुलासाठी पैसा राखून ठेवू नये. आदल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांना आणि त्यांच्या भावंडांना संस्थेने प्राधान्य द्यायचे आहे.

या सगळ्याला एक अट आहे, आणि प्रकरणाची गाठ तेथेच आहे. दरवर्षी १ जानेवारीपर्यंत पात्र संस्थांची यादी संघीय सरकारकडे पाठवणाऱ्या राज्यातीलच संस्थांना ही योजना लागू होते. हा निर्णय गव्हर्नरने किंवा राज्याच्या कायद्याने ठरवून दिलेल्या व्यक्तीने वा यंत्रणेने घ्यायचा आहे. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, प्रतिनिधीगृहाने मे २०२५ मध्ये संमत केलेल्या मसुद्यात वार्षिक खर्चाला कमाल मर्यादा होती. सिनेटमधून बाहेर पडलेल्या अंतिम मसुद्यात ती गेली आणि तिच्या जागी राज्यांच्या संमतीची अट आली.

एका टेबलावरचा हिशेब

रॅले या राज्याच्या राजधानीजवळच्या कॅरी आणि मॉरिसव्हिल या गावांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. मीही त्यांतीलच एक. मार्च महिन्यात अशा कोणत्याही घरात संध्याकाळी डोकावले तर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, डब्ल्यू-२ या पगाराच्या दाखल्याची छापील प्रत, गृहकर्जाच्या व्याजाचा कागद आणि शेजारी निवत चाललेला चहा दिसेल. १०४० हा आयकर विवरणपत्राचा फॉर्म भरताना माणूस एकेक ओळ खाली उतरत जातो आणि शेवटी आपल्याला किती भरायचे आहे त्या आकड्यापाशी थांबतो. २०२७ च्या विवरणपत्रात त्या आकड्याच्या आधी एक नवी जागा येईल. राज्य सामील झाले असो वा नसो, ती जागा भरण्याचा हक्क कॅरीतील कुटुंबाला असेलच, कारण टॅक्स क्रेडिट देणगीदाराच्या राज्यावर अवलंबून नाही; देणगी घेणारी संस्था सहभागी राज्याच्या यादीत असली की पुरे.

म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाने नकार दिला तर येथील करदाता दुसऱ्या राज्यातील संस्थेला १,७०० डॉलर देऊन आपला संघीय कर कमी करू शकेल, आणि त्या पैशाने दुसऱ्या राज्यातील मूल शिकेल. संघीय तिजोरीत पैसा येणार नाही तो नाहीच, नॉर्थ कॅरोलायनाच्या अर्थसंकल्पाचा एक डॉलरही वाचणार नाही, आणि राज्यातील मुलांपर्यंतही काही पोहोचणार नाही. येथील केवळ एक लाख करदात्यांनी पूर्ण रक्कम दिली असे धरले, तर ती १७ कोटी डॉलर होते. राज्याची लोकसंख्या एक कोटीच्या वर आहे हे पाहता एक लाख हा आकडा काही फार मोठा नाही.

शाळानिवडीच्या इतर योजनांहून ही योजना येथेच वेगळी पडते. व्हाउचरमध्ये खासगी शाळेच्या फीसाठी राज्य आपल्या तिजोरीतून पैसे देते, म्हणून नकार दिल्यास ते पैसे तिजोरीत राहतात. भारतात शिक्षणहक्क कायद्याच्या १२(१)(सी) कलमाखालील २५ टक्के जागांची भरपाईही शासनाकडूनच शाळांना मिळते आणि ती थकली की वाद सुरू होतात. या योजनेत राज्याने द्यायचे आहे ते एका यादीवरचे प्रमाणपत्र.

राज्याची पार्श्वभूमी

तरीही स्टाइन यांचा संशय आकाशातून पडलेला नाही. नॉर्थ कॅरोलायनात खासगी शाळांसाठीची ‘ऑपर्च्युनिटी स्कॉलरशिप’ २०१३ पासून कायद्यात आहे. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती ४ विरुद्ध ३ अशा निकालाने वैध ठरवली. सुरुवातीला ती कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी होती. २०२३ मध्ये विधिमंडळाने उत्पन्नाची मर्यादा काढून टाकली, अर्जांचा पूर आला, आणि प्रतीक्षायादी संपवण्यासाठी आणखी ४६ कोटी ३० लाख डॉलर देणारे विधेयक मांडले गेले. तेव्हाचे गव्हर्नर रॉय कूपर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ते नाकारले, आणि नोव्हेंबरमध्ये विधिमंडळाने त्यांचा नकार मोडून काढला. मर्यादा काढल्यानंतर नव्याने लाभ मिळालेल्यांपैकी बहुसंख्य मुले आधीपासूनच खासगी शाळेत होती. सरकारी शाळांचा निधी मात्र पटावरील सरासरी संख्येवर ठरतो, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या ‘लिअँड्रो’ निकालाने प्रत्येक मुलाला सुदृढ मूलभूत शिक्षणाचा घटनात्मक हक्क दिल्यानंतरही तो हक्क पैशात कसा उतरवायचा यावर तीन दशके खटले चालले आहेत. एवढे पाहिलेल्या गव्हर्नरने शाळानिवडीच्या आणखी एका विधेयकाकडे सावधपणे पाहिले, यात मला गैर वाटत नाही.

विधेयकामागे सत्तेचा प्रश्नही होता. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन पक्षाचे बहुमत आहे. नकाराधिकार मोडण्यासाठी तीन पंचमांश मते लागतात. राज्याच्या सिनेटमध्ये पक्षाकडे ५० पैकी ३० जागा आहेत, म्हणजे काटेकोरपणे पुरेशा. प्रतिनिधीगृहात १२० पैकी ७१ आहेत, म्हणजे सर्व सदस्य हजर असता एक मत कमी पडते. सहभागाचा निर्णय गव्हर्नरने घ्यावा की राज्याच्या कायद्याने बांधून द्यावा, हे संघीय कायद्याने मोकळे ठेवले असल्यामुळे ‘हाउस बिल ८७’ हा सहभाग हवा की नको याबरोबरच तो ठरवणार कोण, याचाही वाद होता. नकाराधिकाराकडे केवळ योजनेचा विरोध म्हणून पाहणे त्यामुळे अपुरे ठरते.

इतर राज्यांतील दोन घटना येथे लक्षात घ्याव्या लागतात. नेब्रास्कात नोव्हेंबर २०२४ च्या सार्वमतात मतदारांनी राज्याच्या पैशाने खासगी शाळांना मदत करणारा कायदा सुमारे ५७ टक्के मतांनी रद्द केला, आणि त्यानंतर वर्षभराच्या आत, सप्टेंबर २०२५ मध्ये, गव्हर्नर जिम पिलन यांनी संघीय योजनेत राज्याचा सहभाग जाहीर केला. मतदारांचा कौल राज्याच्या तिजोरीबद्दल होता आणि ही योजना त्या तिजोरीला हात लावत नाही, हे खरे. तरी तेथे अनेकांना आपला कौल डावलल्यासारखे वाटले असेल, हेही समजण्यासारखे आहे. कोलोरॅडोचे गव्हर्नर जॅरेड पोलिस डेमोक्रॅट आहेत आणि त्यांनीही सहभागाच्या बाजूने भूमिका घेतली. विस्कॉन्सिन, ओरेगॉन आणि न्यू मेक्सिको येथील डेमोक्रॅट गव्हर्नरांनी नकाराचा सूर लावला. एकाच पक्षाचे गव्हर्नर असे दोन दिशांना गेल्यामुळे हा प्रश्न पक्षाच्या चौकटीत सुटणारा नाही, हे उघड झाले.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप उत्पन्नमर्यादेचा आहे. मध्यक उत्पन्न ८०,००० डॉलर असलेल्या भागात ३०० टक्के म्हणजे २,४०,००० डॉलर. एवढे कमावणाऱ्या कुटुंबाला मदतीची गरज आहे असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण ती मर्यादा कमाल आहे. त्याखाली आपली स्वतःची मर्यादा आखण्यापासून कायद्याने कोणत्याही संस्थेला रोखलेले नाही. गरजू मुलांपुरतेच काम करणारी संस्था राज्यात उभी राहिली तर देणगीदाराला तिची निवड करता येईल. राज्य बाहेर राहिले तर तीही उभी राहणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. करातून सोडून दिलेला पैसा हाही शेवटी सार्वजनिक पैसाच नव्हे का? या प्रश्नाला न्यायालयांनी एक उत्तर दिले आहे. ॲरिझोनाने १९९७ मध्ये अशा देणग्यांसाठी राज्य पातळीवर देशातील पहिले टॅक्स क्रेडिट आणले, १९९९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी म्हटले की देणगीदाराने स्वतःच्या इच्छेने दिलेला पैसा तिजोरीत कधी आलाच नव्हता, म्हणून इतर करदात्यांना त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला असला तरी नैतिक दृष्टीने मिटला असे मी मानत नाही. संघीय महसूल घटतो आणि त्याची भरपाई कोणीतरी करतेच. माझे म्हणणे एवढेच की त्या प्रश्नाचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये जुलै २०२५ मध्ये झाला. रॅलेमधून दिलेला नकार तो निर्णय फिरवत नाही, तो फक्त राज्यातील मुलांचा वाटा शून्यावर आणतो.

ॲरिझोनाकडून घेण्यासारखा धडा वेगळा आहे. तेथील कायद्यात देणगीदाराला विशिष्ट मुलाची शिफारस करण्याची मुभा राहिली आणि त्यातून ओळखीपाळखीच्या देवाणघेवाणीचे आरोप वर्षानुवर्षे होत राहिले. संघीय कायद्याने देणगी मुलाच्या नावे राखून ठेवण्यास मनाई केली आहे. ती मनाई कागदावर राहू द्यायची नसेल, तर यादी करणाऱ्या राज्याने डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

तिसरा आक्षेप राज्याच्या अधिकाराविषयी आहे, आणि स्टाइन यांच्या थांबण्याला खरा आधार याच आक्षेपाचा मिळतो. अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक संस्थेला यादीत घेणे राज्यावर बंधनकारक आहे, की राज्य स्वतःच्या आणखी अटी घालू शकते, हे कायद्याच्या मजकुरावरून स्पष्ट होत नाही. संघीय कोषागाराने नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमावलीच्या तयारीसाठी सूचना मागवल्या, त्यांत राज्यांच्या अधिकाराचा हा मुद्दाही होता. राज्याला अटी घालता आल्या तर होकार अधिक चांगला होईल. पण अटी घालता आल्या नाहीत म्हणून नकार योग्य ठरतो असे मात्र होत नाही, कारण वर मांडलेला टेबलावरचा हिशेब दोन्ही परिस्थितींत तोच राहतो.

पटसंख्येची भीती मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती मला सर्वांत खरी वाटते. फीसाठी पैसे मिळाले तर काही मुले सरकारी शाळा सोडतील, आणि लहान काउंटीतील (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) शाळेतून पंधरा मुले गेली तरी एका शिक्षकाची जागा धोक्यात येते. बस तेवढीच धावते, इमारतीचे वीजबिल तेवढेच येते. या नुकसानाचे पूर्ण उत्तर योजनेत नाही. मात्र नॉर्थ कॅरोलायनात ऑपर्च्युनिटी स्कॉलरशिप आज प्रत्येक उत्पन्नगटाला खुली आहे, म्हणजे शाळा सोडून जाण्याचा दरवाजा आधीच उघडा आहे. शाळेत राहिलेल्या मुलासाठी मात्र आजवर कोणीही असा दरवाजा उघडलेला नव्हता, आणि नव्या कलमात तो प्रथमच आहे.

तीस तास

शनिवारी सकाळी मी सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांना वाचनात मदत करते. चौथीतील एक मुलगा ओळीखाली बोट धरून वाचतो. ‘थ्रू’ आणि ‘थरो’ या शब्दांपाशी त्याचे बोट थबकते, तो माझ्याकडे पाहतो, मग ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्याची शाळा चांगली आहे, बाई मनापासून शिकवतात, पण वर्गात त्याच्यासाठी रोज अर्धा तास काढणे त्यांना शक्य नाही, आणि दोन नोकऱ्या करणाऱ्या त्याच्या आईला खासगी शिकवणी परवडत नाही. एका देणगीदाराच्या १,७०० डॉलरपैकी ९० टक्के म्हणजे १,५३० डॉलर शिष्यवृत्तीपर्यंत पोहोचतात. तासाला ५० डॉलर धरले तर ते तीस तास होतात. आठवड्याला एक तास धरल्यास जवळजवळ पूर्ण शालेय वर्ष.

राज्याच्या पश्चिम डोंगराळ भागात ही गरज याहून मोठी आहे. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलीन चक्रीवादळाने रस्ते, पूल आणि पाणीपुरवठा उद्ध्वस्त केला, आणि ॲशव्हिलच्या परिसरातील शाळा अनेक आठवडे बंद राहिल्या. तेथील मुलांचे बुडालेले शिक्षण भरून काढण्यासाठी लागणारी शिकवणी, बस आणि शाळेनंतरचे वर्ग हे सर्व खर्च नव्या कलमाच्या व्याख्येत बसतात.

मात्र ही मदत आपोआप तेथे पोहोचणार नाही. धार्मिक आणि खासगी शाळांशी जोडलेल्या शिष्यवृत्ती संस्था इतर राज्यांतील अनुभवामुळे तयार आहेत. सरकारी शाळांच्या बाजूला तशी संस्था उभी करावी लागेल. एका शाळेची पालक-शिक्षक संघटना केवळ आपल्या शाळेसाठी पात्र ठरणार नाही, कारण विद्यार्थी एकाहून अधिक शाळांतील असले पाहिजेत. काउंटीभर काम करणारे शिक्षण प्रतिष्ठान मात्र ठरू शकते, जर त्याने वेगळे खाते ठेवले, उत्पन्नाच्या पडताळणीची व्यवस्था केली आणि ९० टक्क्यांची अट पाळली. हे काम दोन महिन्यांत होणारे नाही. शिवाय देणगीदाराची सवय पहिल्या वर्षीच घडते. ज्या संस्थेला २०२७ मध्ये पैसे दिले तिलाच २०२८ मध्ये देणे सोपे जाते, आणि गतवर्षीच्या मुलांना प्राधान्य देण्याच्या नियमामुळे संस्थाही आपल्या पहिल्या मुलांशी बांधली जाते. मार्गदर्शक तत्त्वांची वाट पाहत २०२६ चे वर्ष निघून गेले, तर सरकारी शाळांची बाजू पहिल्या यादीत नसेल.

म्हणून गव्हर्नरांच्या कार्यालयाला पाठवलेल्या पत्रात मी तीन विनंत्या केल्या. अंतिम नियमांची वाट न पाहता सहभागाचा निर्णय जाहीर करावा, म्हणजे संस्थांना तयारीला वेळ मिळेल. राज्याच्या शिक्षण खात्याने प्रत्येक काउंटीतील शिक्षण प्रतिष्ठानाला पात्रतेच्या अटी आणि नोंदणीचा नमुना पाठवावा, आणि ज्या काउंट्यांत असे प्रतिष्ठान नाही तेथे शेजारच्या काउंट्यांनी मिळून एक उभारावे. यादीतील प्रत्येक संस्थेने किती मुलांना, कोणत्या उत्पन्नगटातील आणि कोणत्या खर्चासाठी मदत केली याचा वार्षिक तक्ता राज्याने प्रसिद्ध करावा. पत्रासोबत मी वाचनालयातील त्या खोलीचे शनिवारचे वेळापत्रक जोडले आहे. त्यात अकरा मुलांची नोंद आहे आणि शिकवायला आम्ही तिघी आहोत.